टर्निट सायबाचं पुस्तक

उजवा बूट रिकिबीत बसेना. जयवंतानं तो तिसऱ्यांदा फिरवून पाहिला, टाच पुढं, चवडा मागं, पण पितळेची ती नक्षीदार रिकीब नवरदेवांच्या मोजड्यांच्या मापाची होती. आबांचा बूट तिच्यात नुसता टेकायचा आणि घोडीनं अंग हलवलं की खाली पडायचा.

"सुतळीनं बांधा आक्का," बिरू म्हणाला. "डावा बांधलाय तसा."

त्यानं आपल्या वरातीच्या घोडीचा लगाम आखूड धरला होता. छकुलीच्या अंगावरची आरशांची झूल, कपाळावरचा तुरा, पायातले घुंगरू, सगळं त्यानं पहाटेच उतरवून पोत्यात भरलं होतं. तरी ती लग्नातलीच दिसत होती. पांढरीशुभ्र, आणि शेपटीला मेंदी. मेंदी काही एका सकाळीत निघत नाही.

"तुझं नुकसान होईल बिरू. मयताला नेलेली घोडी लग्नाला कोण सांगंल?"

"बघू," तो म्हणाला. "आबा न्हसते तर ही घोडीच न्हसती."

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बांबू बांधायचं काम चाललं होतं. पुरुषमाणसं अधूनमधून घोडीकडं बघत, बुटांकडं बघत आणि पुन्हा बांबूकडं वळत. काही विचारावं, अशी हिंमत कुणाची होत नव्हती. जयवंता बावीस वर्षांची असताना सासर सोडून माहेरी आली होती आणि आता अठ्ठेचाळीस वर्षांची झाली होती. तिला काही विचारायचं नाही, ही गावाची जुनी सवय होती.

विचारलं ते संभाजीनं. धाकटा भाऊ, बारामतीला राहणारा. फोन खिशात टाकत तो जवळ आला.

"आक्का, हे काय?"

"आबांनी सांगितलं होतं. दिवाळीत."

"आबा काय बी सांगायचे. लोकं हसतील."

"हसू दे."

"तुला हसू दे. मला हितनं तोंड घेऊन बारामतीला जायचंय." एवढं बोलून तो थांबला. बापाच्या मयतादिवशी बहिणीशी भांडायचं नाही, असं ठरवून आला असावा. आवाज उतरवून म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे. पुस्तक कुठंय? ते तांबडं?"

जयवंताच्या काखेत ते पंच्यात गुंडाळलेलं होतं. तिनं हात आणखी घट्ट केला.

"का?"

"दीपक सरांशी बोललोय. शाळेच्या वाचनालयात आबांचा फोटो लावायचा, खाली काचेच्या कपाटात मेडल आणि पुस्तक. सर म्हणाले, आधी घरी नेऊन नीट वाचतो, मग मुलांना त्यातलं सांगतो. आबांच्या आवडीचं पुस्तक, पर कुणाला ठावंच न्हाय त्यात काय हाय."

"बघते," जयवंता म्हणाली आणि सुतळीची गाठ मारायला खाली वाकली.

बघण्यासारखं काही नव्हतं. पुस्तक आबांबरोबर जाळायचं, हे तिनं पहाटेच ठरवलं होतं. सरणाला अग्नी लागायच्या आधी पंचा लाकडांत सरकवायचा. निरवांगी गावात इंग्रजी येणारी माणसं तशी दोनच. एक दीपक सर, दुसरी ती.

तिला इंग्रजी आलं ते या पुस्तकापायी. सासरहून आली तेव्हा तीन महिने ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. आई नव्हतीच. एका दुपारी आबांनी आपली पलटणीतली ट्रंक उघडली, तळातून हे तांबड्या कापडाचं जाड पुस्तक काढलं आणि तिच्या उशाशी ठेवलं.

"कर्नल सायबानं दिलंय मला. हे वाच. आन मला सांग त्यात काय लिवलंय."

"मला कुठं येतंय इंग्रजी?"

"मग शीक. तुला काय घाई हाय?"

घाई खरंच नव्हती. बारामतीहून शब्दकोश आणला. पहिल्या पानाला अठरा दिवस लागले. एवढ्यात कळलं ते इतकंच की प्रशिया नावाचं जर्मनीतलं एक जुनं राज्य होतं, आणि ऑगस्ट फॉन टेर्निट्झ नावाचा पोरगा तिथल्या एका डबघाईला आलेल्या जमीनदाराच्या घरी सातवा जन्मला. अकराव्या वर्षी बापानं त्याला सैनिकी शाळेत टाकलं, कारण घरात खाणारी तोंडं जास्त. अठराव्या वर्षी तो घोडदळात अधिकारी झाला. स्वतःचा घोडा घ्यायला पैसे नव्हते म्हणून एका काकूनं तिच्या बग्गीची घोडी दिली. बग्गीची घोडी, त्यामुळं परेडला ती सरळ चालायचीच नाही, वळण आलं की काकूच्या माहेराकडं वळायची. एवढं वाचून जयवंता हसली होती. आबा दारातनं बघत होते.

मग नेमच पडला. आबा संध्याकाळी पटका उतरवून खुंटीला लावत आणि बाजेवर बसून विचारत, "काय केलं आज टर्निट सायबानं?" ती सांगायची. ऑस्ट्रियावरची स्वारी, कर्जबाजारी मित्र, एका पाद्र्याच्या मुलीला लिहिलेली आणि न पाठवलेली पत्रं.

दोन वर्षांनी सातवं प्रकरण आलं.

१८७०चा ऑगस्ट महिना, फ्रान्समधलं कापणीला आलेलं शेत, टेकाडावर तोफा. टेर्निट्झच्या तुकडीला हुकूम आला, तोफांवर जा. कुणीच परत येणार नाही, हे हुकूम देणाऱ्यालाही माहीत होतं. लिझेट नावाची त्याची घोडी टेकाडाच्या मध्यावर छातीत गोळी लागून कोसळली आणि त्याचा पाय तिच्याखाली अडकला. संध्याकाळपर्यंत तो तसाच पडून राहिला, तिच्या मानेवर हात ठेवून. शेवटी उचलून नेलं तेव्हा बिगुलवाला गोळा होण्याचा इशारा वाजवत होता. माणसं आली एकोणीस. आणि मग, कुणी न हाकता, रिकाम्या खोगिरांची घोडी एकेक करून आली आणि आपापल्या जागी रांगेत उभी राहिली. टेर्निट्झनं हजेरी घेतली. मेलेल्या प्रत्येकाचं नाव त्यानं पुकारलं, आणि त्याच्या घोड्यापुढं थांबून पुढं गेला.

जयवंताला वाटलं, आपण शब्द चुकलो. तिनं कोश पुन्हा काढला. घोडी, पाय, हजेरी. शब्द बरोबर होते.

ही गोष्ट तिला पाळण्यात असल्यापासून पाठ होती. साऱ्या निरवांगीला होती. दर पंधरा ऑगस्टला आबा शाळेत झेंड्याखाली उभे राहून सांगायचे. एकाहत्तरची लढाई, राजस्थानची वाळू, टेकाडावर तोफा, आबांची घोडी लाजवंती छातीत गोळी लागून पडली. रिकामी घोडी रांगेत येऊन उभी राहिली, हे सांगताना आबांचा आवाज फाटायचा, आणि पहिलीतल्या पोरांपासून सरपंचापर्यंत सगळे डोळे पुसायचे.

शंभर वर्षं आणि वर एक साल. बाकी काही बदललेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आबांनी पटका खुंटीला लावला. "काय केलं आज टर्निट सायबानं?"

जयवंतानं कंदिलाची काच पुसायला घेतली. "आज काय न्हाय झालं. लढाईला निघाले, पर नदीला पूर आलेला. पूल वाहून गेला. ह्यांची तुकडी अल्याडच ऱ्हायली."

आबांनी खुंटीवरचा पटका पुन्हा नीट केला.

"बरं झालं," मग म्हणाले.

तेव्हापासून तिनं टेर्निट्झला एकाही लढाईला पोचू दिलं नाही. कधी त्याची दाढ सुजली. कधी हुकूम भलत्याच गावाला गेला. एकदा तर आगगाडी त्याला फलाटावर विसरून निघून गेली आणि नुसती घोडी तेवढी गेली. आबा हसून लोटपोट व्हायचे. "नशीबच फुटकं लेकाचं. आन म्हणं घोडदळ." ती मान खाली घालून हसायची. पुस्तक दोनदा वाचून संपलं, तिसऱ्यांदा सुरू झालं, आणि सायब दर खेपेला नव्या कारणानं मागं राहिला.

पुढं आबांच्या पेन्शनचे कागद करताना तिनं त्यांचं सेवापुस्तक पाहिलं. हुद्द्याच्या रकान्यात स्वार नव्हतं. नालबंद होतं. घोड्यांच्या खुरांना नाल मारणारा. मनगटापासून कोपरापर्यंतचे त्यांचे भाजल्याचे डाग बारुदीचे नव्हते, भट्टीचे होते. तिनं कागद जागच्या जागी ठेवून दिले.

शेवटचं प्रकरण मात्र तिनं आबांना जसंच्या तसं सांगितलं, गेल्या दिवाळीत. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. त्या दुपारनंतर टेर्निट्झचा पाय कायमचा लंगडा झाला. पलटणीसाठी घोडी विकत घ्यायच्या खात्यात त्याला टाकलं. सत्तावीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या घोड्यांचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि स्वतः खोगिरावर बसला नाही. लग्न केलं नाही. बढती एकदाच मिळाली. मेला तेव्हा पलटणीनं त्याच्या शवपेटीमागून एक रिकामी घोडी चालवली, रिकिबीत त्याचे बूट उलटे घालून.

"उलटे का?" आबांनी विचारलं.

"जाणारा माणूस एकदा मागं वळून आपल्या माणसांकडं बघतो, म्हणून."

आबांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मला बी आसंच न्या. घोडं बिरूचं हाय."

"ताई, ते काटेवाडीचे तात्या आलेत," अंगणातून कुणीतरी हाक दिली तशी जयवंता भानावर आली.

दादासाहेब तात्या आबांच्या पलटणीतले, चौऱ्याऐंशी वर्षांचे. नातवाच्या जीपमधून उतरले ते काठी टेकत आधी आबांपाशी गेले, हार घातला, आणि मग सरळ घोडीकडं आले. संभाजी मागोमाग होता. "तात्या, तितं नदीवर दोन शब्द बोला. आबांच्या लढाईचं. तुमी संगं व्हता." तात्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. संभाजीला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

तात्यांनी उलट्या बुटाला बोट लावलं.

"हे घोड्यावरचे बूट न्हवं, पोरी. घोड्यावरचे लांब असत्यात, गुडघ्यापतुर. नालबंदाला ते मिळत न्हवते."

"ठावं हाय मला," जयवंता म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "कवापासनं?"

"लई वर्षं झाली. आधी ते तांबडं पुस्तक वाचलं, मग पेन्शनचे कागद बघितले."

"हां." ते थोडा वेळ घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिले. "ते पुस्तक. आमचा कर्नल सायब दर ऐतवारी आमच्या भट्टीपाशी येऊन बसायचा. गुडघा दुखायचा त्याचा, शेक बरा वाटायचा. आन ते वाचून हिंदीत सांगायचा. आमी बाकीचे झोपायचो. तुझ्या आबाला, म्हयपतीला, पाठ झालं. अक्षर येत न्हवतं, पर चित्र बघून सांगायचा, पुढच्या पानावर सायबाचा पाय मोडतोय. कर्नल एखादं पान गाळून गेला तर ह्यो त्याला थांबवायचा."

जयवंताच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"पाठ?"

"पहिल्या पानापासनं. म्हणून तर त्यालाच दिलं."

बांबूवर कुऱ्हाडीचे घाव पडत होते. कुणीतरी पाणी मागत होतं. जयवंतानं काखेतलं पुस्तक पुढं घेतलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं. पूर. दाढ. आगगाडी. बरं झालं, म्हणाले होते. नशीबच फुटकं लेकाचं. आणि त्याच्याही आधी, ती दुपार. ट्रंकेला कुलूप होतं आणि किल्ली आबांच्या करगोट्याला असायची. ती त्यांच्याकडं कुणी मागितली नव्हती; सातवं प्रकरण ठाऊक असून त्यांनी ती आपण होऊन सोडली होती.

"तात्या," ती म्हणाली, "नदीवर काय बोलणार तुमी?"

"मला खोटं बोलाय येत न्हाय, पोरी. शिकायचं ऱ्हाऊनच गेलं."

आबांना उचललं. संभाजी पुढं, हातात मडकं. मागं खांदेकरी, त्यांच्यामागं बिरू आणि छकुली, आणि तिच्या बाजूनं जयवंता. घोडी शहाण्यासारखी चालत होती. वेस येईपर्यंत कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं तर उलट्या बुटांना हात जोडले.

वेशीवर सोपानची हलगी सुरू झाली.

तुरा काढला, झूल काढली, घुंगरू काढले, पण हलगीचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. भरल्या वयात गेलेल्या माणसाला वाजतगाजतच नेतात, त्यात लक्षात काय ठेवायचं? छकुलीनं मात्र कान टवकारले. मान कमानीसारखी वळवली, पुढचा उजवा पाय उचलला, मग डावा, आणि भर रस्त्यात, आबांच्या तिरडीमागं, ती नाचायला लागली.

"ए, ए छकुले," बिरूनं लगाम ओढला. लगाम ओढणं हीही तिला शिकवलेली खूणच होती. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. डावा बूट सुतळी तुटून उडाला आणि डांबरी रस्त्यावर गडगडत गेला.

मग बायकांच्या घोळक्यात कुणाला तरी हसू फुटलं, ते दाबायला गेलं तसं शेजारचीला आलं. एकदोघांचे फोन वर झाले. संभाजीची मान ताठ झाली होती. तो मागं वळला नाही. मडकं धरलेल्या माणसानं मागं बघायचं नसतं. त्याचे कान तेवढे लाल झालेले जयवंताला दिसले.

सोपाननं हलगी थांबवली. घोडीही थांबली. तीन पायांवर उभी, चौथा पाय उचलून वाट बघत.

तात्या काठी टाकून पुढं आले. वाकले, घोडीचा तो उचललेला पाय हातात घेतला आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यावर टेकवून त्यांनी खूर वर फिरवला. अंगठा नालावरून फिरवला. एकेका खिळ्यावरून.

"कुणी मारलाय ह्यो नाल?"

"आबांनी," बिरू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गेल्या म्हैन्यात. खुरात पू झाला व्हता. डाक्टर म्हणला घोडी काय ऱ्हात न्हाय. आबांनी खूर कोरून पू काढला, रोज शेकला. हात कापत व्हते त्यांचे, पर खिळा कापला न्हाय."

तात्यांनी पाय अलगद खाली ठेवला आणि कंबरेवर हात देऊन सरळ झाले.

"संभाजीराव, मला दोन शबुद बोला म्हणलं व्हतं. हितंच बोलतो, नदीपतुर दम ऱ्हायचा न्हाय." हसणं थांबलं होतं. "आमच्या पलटणीत अडीचशे घोडी व्हती. एकाहत्तरला ती वाळूत व्हती. म्हयपतीच्या हातनं गेलेलं एक बी घोडं लंगडत माघारी आलं न्हाय. घोडं उभं तर सवार उभा. सवारांना हे ठावं असायचं. निघायच्या आधी समदे त्याच्याकडं येऊन जायचे. बास."

"आणि ती तोफांवरची गोष्ट, तात्या?" घोळक्यातून दीपक सरांनी विचारलं.

तात्यांनी जयवंताकडं पाहिलं. ती रस्त्यावरचा बूट उचलून त्याची धूळ पदरानं पुसत होती.

"ती तुमी त्याच्या तोंडनं ऐकलीय," तात्या म्हणाले. "त्याच्यावानी सांगणारा माणूस मी बघितला न्हाय."

पुढं नदीपर्यंत हलगी वाजली नाही.

नीरेच्या काठावर सरण रचलं. आबांच्या पायाशी दोन्ही बूट ठेवले, तेव्हा कसे ठेवायचे असं कुणीतरी विचारलं, आणि संभाजीच म्हणाला, "उलटे." मग तो बहिणीकडं वळला. तिच्या हातात पंचा होता, आणि पंच्याची गाठ सुटलेली होती. ती सरणाजवळ दोन पावलं गेली. मोकळ्या लाकडांमध्ये हातभर जागा होती. ती तिथं उभी राहिली, बराच वेळ. लोकांना वाटलं, बापाला बघतेय.

दीपक सर हळू आवाजात म्हणाले, "ताई, पुस्तक माझ्याकडं द्या. धूर लागेल त्याला. आबांची आठवण नीट सांभाळू आम्ही."

जयवंतानं पंचा पुन्हा गुंडाळला. गाठ मारली.

"आबांचं न्हाय ते," ती म्हणाली. "माझं हाय. त्यांनी मला दिलंय."

सर संभाजीकडं बघायला लागले. संभाजीनं बहिणीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली, राहू दे म्हणून.

अग्नी दिल्यावर बिरूनं घोडी वळवली. लोकांच्या नजरा चुकवत तो बांधाच्या कडेनं डांबरी सडकेवर चढला. जयवंता पाठमोरीच उभी होती. आबा बाजेवर पडल्या पडल्या, डोळे मिटून, रस्त्यानं जाणाऱ्या घोड्याचा कोणता नाल ढिला आहे ते सांगायचे. मोजू नको, म्हणायचे, नुसतं ऐक. एक जरी पाय येगळा बोलला तर समजायचं.

सडकेवरून टापा दूर जात होत्या. ती ऐकत राहिली. चारही सारख्या वाजत होत्या.